बंद म्हणजे चालू

६ फेब्रुवारी, सोमवार

बंद म्हणजे चालू! आज वर्गात हे ऐकलं आणि हातातली पक्कड पायावर पडायची राहिली.

विज्ञानाच्या बाई सातवीच्या पोरांना शिकवत होत्या. सेलपासून बल्बपर्यंत आणि बल्बपासून परत सेलपर्यंत तार अखंड असली की परिपथ 'बंद', मग दिवा लागतो. मध्ये कुठे तुटली की परिपथ 'उघडा', दिवा विझतो. मी टेबलाखाली प्लगची वायर ओढत होतो. राहवलं नाही. डोकं बाहेर काढून विचारलं, बाई, बंद केल्यावर लागतो कसा? सगळा वर्ग खिदळला. बाई नाही हसल्या. म्हणाल्या, प्रश्न बरोबर आहे, पण पुस्तकात असंच आहे.

मी सातवीतच शाळा सोडली. खरं म्हणजे शाळेनंच मला सोडलं. आता परत सातवीत आलो, तेही टेबलाखालून.

७ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंनी मला हेडसरांकडून मागून घेतलं. सकाळी शाळेचे पंखे-दिवे बघायचे, दुपारी प्रयोगशाळा. बारा टेबलं, प्रत्येकावर दोन पोरं. मी लाकडी फळ्यांवर खिळे ठोकून पितळी पट्ट्यांच्या कळा बनवल्या. पट्टी दाबली की वाट जुळते, उचलली की तुटते. पोरांना सांगितलं, ही कळ चुकली की दुसरी कळ येते, थेट खांद्यापर्यंत. हसली. करंटदादा म्हणतात मला.

बाईंनी फळ्यावर एका कोपऱ्यात चौकट आखून लिहिलं— प्रयोगशाळेत 'बंद' हा शब्द बोलायचा नाही. 'जोड' आणि 'तोड', एवढंच. पोरं घरचं बंद आणि पुस्तकातलं बंद यांची खिचडी करतात म्हणून. मला बाजूला घेऊन वेगळं बजावलं, घसरली तर आधी तुमचीच जीभ घसरेल. मी कानाला हात लावला.

९ फेब्रुवारी, गुरुवार

आईचा फोन. मी सांगितलं, पंधरा तारखेला मला कायम करणार आहेत. मागून थोरल्या भावाचा आवाज— "हा आणि कायम? याच्या पायाला भिंगरी आहे."

खोटं नाही. तीन वर्षांत ही चौथी नोकरी. मिस्त्रीच्या हाताखालून पळालो, गोदामातून पळालो, जहाजाच्या धक्क्यावर तर जेवायच्या सुट्टीतच निघून गेलो. पण इथे एक पोरगी आहे, टाचणी म्हणतात तिला, इतकी बारीक. काल तिचा दिवा लागेना. अर्धा तास प्रत्येक जोड चिमटीत धरून बघत बसली. शेवटी सेलच्या टोकावरचा गंज सापडला, आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू जगातली पहिली वीज तिनंच काढली.

तेव्हा वाटलं, इथे राहावं. कधी नव्हे ते.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

वाईट झालं.

आज उष्णतेचा प्रयोग होता. मोठी बॅटरी, बारीक तार, तार तापली की थर्माकोल लोण्यासारखा कापायचा. विजेची ऊब कशी होते ते डोळ्यांनी दिसतं. मी खिडकीकडच्या टोकाला होतो, बाई मधल्या टेबलांपाशी. मान वळवली तर टाचणीच्या टेबलावर वर्गाचा मॉनिटर तारेला चिकटलेला थर्माकोल काढायला हात घालत होता. मला वाटलं कळ दाबलेली आहे. ओरडलो— बंद कर!

कळ दाबलेली नव्हतीच. टाचणीनं ती आधीच उचलून ठेवली होती, म्हणून तर तो निर्धास्त हात घालत होता. बंद ऐकलं आणि तिनं पट्टी दाबली. पुस्तकाप्रमाणे. पोराची दोन बोटं तारेवर होती.

बाईंनी त्याचा हात नळाखाली धरला. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. दोन्ही बोटांना फोड आले. डॉक्टर म्हणाले, व्रण राहील, बोटं जातील असं नाही.

मी गप्प बसलो असतो तर काहीच झालं नसतं.

११ फेब्रुवारी, शनिवार

जेवण जात नाही.

१३ फेब्रुवारी, सोमवार

हेडसरांच्या खोलीत चौकशी. मॉनिटरचे वडील, टाचणीची आई, बाई, मी. आणि टाचणी.

तिला विचारलं, पट्टी का दाबलीस? ती म्हणाली, "मला सांगितलं बंद कर. मी बंद केलं."

कुणी सांगितलं, यावर एक शब्द नाही. मान खाली. मॉनिटरचे वडील म्हणाले, बघा, बंद कर सांगितलं तरी चालू करते, मुद्दाम केलंय. तिच्या आईनं तिथेच तिच्या पाठीत धपाटा घातला. हेडसरांनी निकाल दिला की ही यापुढे प्रयोगाला बसणार नाही, आणि गुरुवारी वर्गासमोर मॉनिटरची माफी मागायची.

मला कुणी विचारलंच नाही. मी बाईंकडे बघितलं. त्या पेपरवेट फिरवत होत्या. वाटलं, यांनी ओळखलंय माझं पाप, आणि मीच तोंड उघडावं म्हणून थांबल्यात.

नाही उघडलं. पोरगी मला वाचवतेय आणि मी वाचून घेतोय!

१४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रयोगाच्या तासाला टाचणी व्हरांड्यात बसते. आज बल्ब माळेत लावायचे होते. दाराच्या फटीतून एक डोळा दिसत होता. मी दोनदा त्या बाजूनं गेलो, दोनदा मागे वळलो.

१५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी अकराला कागद मिळाला. कायम. खाली सही, शिक्का. शिपाईमामा म्हणाले, पेढे राहू देत, चहा तरी पाज. कागद खिशात घालून जिन्यात बसलो. थोरल्याला फोन लावला, तो उचलायच्या आत कापला.

मग गेलो. हेडसरांसमोर बाई बसल्या होत्या. म्हटलं, "सर, बंद कर मी ओरडलो. मनाई असताना ओरडलो. तिनं शिकवलं तसंच केलं. शिक्षा तिला नको."

हेडसरांनी विचारलं, पाच दिवस काय करत होतास? कागद परत मागितला. मी तो टेबलावर ठेवला. उद्या सामान घेऊन जा म्हणाले, पोरीची माफी रद्द. बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. पुसतच राहिल्या.

मान ताठ करून बाहेर आलो.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

फाटकाशी टाचणी. धावत आलेली, वेणी सुटलेली. म्हणाली, "दादा, तुम्ही कधी ओरडलात? मला नाही ऐकू आलं. मला बाई म्हणाल्या, बंद कर."

मी म्हटलं, मग त्या दिवशी विचारत होते तेव्हा बोलली का नाहीस?

"बाई समोरच बसल्या होत्या ना."

बस येऊन उभी राहिली. मी चढलो नाही.