काळी दोनची काळी एक

बाबा,

आधी वस्तुस्थिती, क्रमाने. करावे गावच्या भजनी मंडळात तुम्ही पेटी वाजवीत होता. मी सोळा वर्षांचा होतो आणि पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होत होतो. त्या संध्याकाळी देवळात म्हाताऱ्या बुवांनी पहिला अभंग नेहमीप्रमाणे काळी दोनच्या पट्टीत गायला आणि वरच्या षड्जावर त्यांचा आवाज फाटला. दुसऱ्या अभंगाला तुम्ही एक शब्दही न बोलता काळी एकचा सूर धरला. बुवांना ते उमगले नाही. मला उमगले, आणि मी सर्वांसमक्ष म्हणालो, "बाबा, पट्टी चुकली. एक स्वर खाली वाजवताय."

मंडळी बुवांकडे बघतात, ते मला अजून दिसते. भात्यावरचा हात न थांबवता तुम्ही म्हणता, "हा, माजीच चुकी हाय," आणि पुन्हा काळी दोन धरता. बुवांनी तो अभंग कसाबसा संपवला. त्यानंतर ते देवळात कधी गायले नाहीत. घरी येताना तुम्ही एवढेच बोललात, "कान चांगला हाय तुजा. जीभ जरा हलू वाजव." जीभ वाजवत नाहीत, चालवतात, अशी मी तुमची दुरुस्तीही केली.

तुम्ही गेल्यानंतर इतकी वर्षे मी रॉक बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो आहे. भात्यात गुंतलेला तुमचा डावा हात मला मोकळा मिळाला. पट्टी बदलायला एक बटण पुरते. लय हलते म्हणून दोन ड्रमर मी काढून टाकले. बँडमध्ये मला मास्तर म्हणतात, आदराने नव्हे.

गेल्या महिन्यात वाशीच्या कार्यक्रमाआधी तालमीत आमच्या गायकाचा आवाज फाटला. तोही आता माझ्यासारखा पन्नाशीचा. कोणाकडे न बघता तो नुसता पाणी पीत राहिला. मी सांगितले की माझा कीबोर्ड अर्धा स्वर खाली अडकला आहे, तेव्हा गिटारवाल्यांनी तारा उतरवून घ्याव्यात.

"काय मास्तर, तुझी पण चूक होते?" गायक हसला.

"माझीच चूक आहे," मी म्हणालो. कीबोर्डला काहीही झाले नव्हते. त्या दिवशी तो सुरेख गायला.

तुम्ही पट्टी का उतरवलीत, हे मला आता विचारायचे नाही. पुन्हा का चढवलीत? बुवांना सांभाळायचे सोडून तुम्ही त्या क्षणी माझा शब्द सांभाळलात का? हे पत्र तुमच्या पेटीच्या झाकणाखालीच राहणार, हे मी जाणतो. तोंडी सांगितलेले मी कधी ऐकून घेतले नाही. म्हणून उत्तर लेखी द्यावे.