या वर्षीच्या पाकटाला वास नाही

रेक्याविक
२३ डिसेंबर, संत थोर्लाकचा दिवस
दुपारचे साडेचार (बाहेर मिट्ट काळोख)

ताई हाल्बेरा हिस धाकट्या तोर्फीचा नमस्कार.

मी बरा आहे. ऑक्टोबरात जी सर्दी आली होती ती पाहुण्यासारखी तीन आठवडे राहून गेली, आता तिचं नावही नाही. कमरेचा नवा सांधा माझ्यापेक्षा चांगला चालतो. तुझा गुडघा कसा आहे? गोठ्याच्या छपराचा पत्रा वाऱ्याने उचलला होता तो ठोकलास का, की अजून त्यावर दगड ठेवून भागवते आहेस? तुमच्या खाडीत सूर्य नोव्हेंबरात डोंगराआड गेला तो आता जानेवारी संपता संपताच येणार, पण तुम्हाला निदान माहीत असतं की तो नाही. इथे तो साडेअकराला येतो, कामचुकार कारकुनासारखा चेहरा दाखवतो आणि साडेतीनला निघून जातो. बर्फाचंही तेच. पांढरा म्हणून पडतो आणि जेवणाच्या वेळेपर्यंत त्याची मीठ घातलेली पेज झालेली असते. कॉफीलाही हल्ली चव नाही. तीन डबे बदलले, तिन्ही सारखेच.

पण हे पत्र हवापाण्यासाठी नाही. मला तुझा राग आला आहे आणि तो नाताळच्या आधी व्यक्त केलेला बरा.

तुझी पाकटाची बादली तीन तारखेच्या बसने पोहोचली. पांढरी, झाकणाची, वर तुझ्या अक्षरात माझं नाव. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, खिडकी उघडली (जुनी सवय), एक पाय मागे ठेवून झाकण काढलं आणि थांबलो. काही नाही. मग वाकलो. तरी काही नाही. शेवटी मी, चव्वेचाळीस वर्षं बोटीवर काढलेल्या माणसाने, गुडघे टेकून बादलीत कानापर्यंत डोकं घातलं. ताई, भिजलेल्या पुठ्ठ्यालाही यापेक्षा जास्त वास असतो. डोळ्यांतून पाणी मात्र आलं, पण ते स्वालाच्या आठवणीने. ती जाऊन आता दोन वर्षं होतील आणि लग्नापासून दर वर्षी बादली उघडताना माझ्या मागे टॉवेल घेऊन तीच उभी राहायची.

मुळात पाकट हा प्राणी देवाने शनिवारी संध्याकाळी उरलेल्या सामानातून केला असावा. वरून पाहिलं तर अंथरलेलं पोतं, उलटं केलं तर रुसलेल्या माणसाचं तोंड. त्यातून या बिचाऱ्याला लघवीचा क्षार नीट बाहेर टाकता येत नाही. आयुष्यभर तो अंगात मुरवतं, आपण ते महिनाभर बादलीत कुजवतो, आणि मग संत थोर्लाकच्या दिवशी ते एकदम मन मोकळं करतं. बाबा म्हणायचे, टाळूची साल निघाली नाही तर तो सण नाही, नुसतं जेवण. तुला हे मी सांगायला नको. तू बाबांच्या हाताखाली शिकलीस. आणि म्हणूनच मी हादरलो.

कारण ऑगस्टमधलं तुझं बोलणं तू विसरली असशील, मी विसरलेलो नाही. मी तुझ्या स्वयंपाकघरात बसून विसाव्यांदा म्हणालो होतो की एकोणऐंशीव्या वर्षी डोंगराखाली एकटीने राहणं पुरे, माझ्याकडे ये, दोन खोल्या आहेत. त्यावर तू गावच्या पाद्रीबाबांसमोर काय म्हणालीस? "ज्या वर्षी माझ्या पाकटाचा वास जाईल ना तोर्फी, त्या वर्षी दाराला कुलूप लावून येईन तुझ्या त्या खुराड्यात. तोवर हा विषय बंद. कॉफी घे." पाद्रीबाबा हसले होते. त्यांना विचार.

तरी मी मनाचा मोठेपणा दाखवला. म्हटलं, थंडीत प्रवास झाला, मासा गारठला असेल, त्याला एक संधी देऊ. आमच्या इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून कपडे धुण्याची खोली आहे आणि तिथे भिंतीला लागून गरम पाण्याचे नळ जातात. मी बादली नळांमागे सरकवली आणि झाकणाला थोडी फट ठेवली. रोज सकाळी जाऊन बघायचो. रोज पुठ्ठा.

आता या लोकांचा कांगावा ऐक. दहा तारखेच्या सुमारास इमारतीत कुजबुज सुरू झाली की गटार तुंबलंय. सोसायटीची अध्यक्ष दाग्ब्योर्त (निवृत्त मुख्याध्यापिका, अजून घंटा दिल्यासारखी बोलते) हिने तातडीची सभा बोलावली. सगळे जिन्यात उभे, नाकाला मफलर. मी एकटाच मोकळ्या चेहऱ्याने. मी पुढे होऊन सांगितलं की शहरात राहून तुमची नाकं बायकी झाली आहेत, मला तर काहीही येत नाही. दाग्ब्योर्त म्हणाली, "तोर्फी, तुम्हाला खरंच काही येत नाही?" मी म्हटलं, बाई, मी बोटीच्या तळात झोपलोय. तिने त्याची नोंद केली आणि प्लंबरला बोलावलं.

प्लंबर आला, अंगणात खणलं, नळ्या उपसल्या, काही सापडलं नाही. मग तो तोंडाला फडकं बांधून तळघरात उतरला आणि म्हणाला, "इथे काहीतरी मेलंय. मोठं आहे." मदत करायला मीच उतरलो ना. बॅटरी धरली, कोपरे दाखवले, वाळत घातलेले नाताळचे कपडे बाजूला केले. नळांमागची बादलीही मी आपणहून पुढे ओढली आणि झाकण पूर्ण काढून त्याच्या हनुवटीखाली धरली, म्हणजे हिच्यावर उगाच संशय नको. म्हटलं, "हे बघा, याला तर वासच नाही, हेच माझं दुःख आहे." त्याने बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हत्यारं तिथेच टाकून वर गेला. चहालाही थांबला नाही. आजकाल कामगारांना शिस्त नाही.

त्यानंतर माझ्यावर जो आळ आला तो मी आयुष्यात विसरणार नाही. दुसरी सभा. दाग्ब्योर्तने नाताळसाठी घेतलेला हिरवा झगा आणून माझ्यासमोर धरला. "वास घ्या." मी घेतला. छान झगा होता. तसं मी सांगितलंही. ती म्हणाली, "हा मी तीनदा धुतलाय. आता चोवीस तारखेला मी जुने कपडे घालायचे आणि नाताळच्या मांजरीने मला खायचं का?" (नवे कपडे न घालणाऱ्याला ती मांजर खाते हे आईने आपल्यालाही सांगितलं होतं, पण मुख्याध्यापिकेने ते मनावर घ्यावं?) मी शांतपणे म्हणालो की मांजरीला नाक असतं, ती तुमच्या जवळ येणार नाही. यावर ठराव झाला, सात विरुद्ध एक. बादली तासाभरात इमारतीबाहेर, आणि पाकट शिजवायचंच तर अंगणात. बिनवासाच्या माशापायी वासाबद्दल शिक्षा झालेला या देशातला मी पहिला माणूस असेन.

घरातही तेच. रविवारी माझी उना नक्षीच्या पोळ्या तळायला आली. तिने सुरीने इतकी सुंदर नक्षी कापली होती की तळायला जीव होईना. ती फोन घ्यायला बाहेर गेली, मी कढईपाशी उभा, तर चार पोळ्या काळ्या. "बाबा, तुम्ही इथेच होतात ना? घरभर जळका वास सुटलाय." मी म्हटलं, तू फोनवर अर्धा तास बोलू नकोस.

तर आज दुपारी मी अंगणात, घोटाभर बर्फाच्या पेजेत, रॉकेलच्या चुलीवर तुझं पाकट शिजवलं. बटाटे, मेंढीची वितळवलेली चरबी, राईचा पाव, सगळं यथासांग. उना आली होती, पण ती वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभी राहिली आणि सारखे डोळे पुसत होती (बापावर माया आहे पोरीची). खिडक्यांतून सगळी सोसायटी बघत होती. तेवढ्यात रस्त्यापलीकडून दोन म्हातारे काठ्या टेकत, आपापल्या ताटल्या घेऊन आले. कोण कुठले, नावही सांगितलं नाही. एकाने घास घेतला आणि त्याच्या गालावरून पाणी वाहू लागलं. म्हणाला, "माझ्या वडिलांनंतर असं पाकट खाल्लं नव्हतं. कुणाच्या हातचं?" मी म्हटलं, बहिणीच्या. दुसऱ्याने डोळे पुसत ताटली पुन्हा पुढे केली. फुकटचं जेवण मिळालं की माणसं किती गोड बोलतात. मीही खाल्लं. गरम होतं, एवढंच म्हणेन. घशात जरा खवखवलं, ते थंडीने.

तेव्हा ताई, आता आढेवेढे नकोत. तुझा हात गेला. मला हे लिहिताना आनंद होत नाही, पण वय कुणाला चुकलंय, आणि ते आपलं आपल्याला कळत नाही, जवळच्या माणसाने सांगावं लागतं. दिलेला शब्द पाळ. धाकटी खोली मी रंगवून ठेवली आहे, पडदे निळे लावलेत. मेंढ्या पाद्रीबाबांच्या भावाला दे, दाराला कुलूप लाव आणि जानेवारीच्या पहिल्या बसने ये.

तुझा, रागावलेला पण तुझ्याच भल्याचं बघणारा भाऊ,
तोर्फी

ता. क. पाकीट बंद करणार तेवढ्यात रेडिओवर नाताळच्या शुभेच्छा वाचायला लागले. नेहमीप्रमाणे सगळा देश सगळ्या देशाला शुभेच्छा देतो आणि मी त्यात तुझं नाव येईपर्यंत बसून राहतो. आलं. "खाडीतल्या सर्व शेजाऱ्यांना हाल्बेराकडून शुभेच्छा. पाद्रीबाबा पाकट खाताना टेबलावरून उठून बाहेर गेले, ते आता बरे आहेत." ते तुझ्या त्याच पिंपातलं पाकट होतं का? की मला वेगळं पाठवलंस?

ता. क. दुसरा. वेगळं नव्हतं. घरातला पाकटाचा वास जावा म्हणून (माझ्या कपड्यांना येतोय म्हणे) उनाने धुरावलेलं मटण शिजायला टाकलं आणि विचारलं, "बाबा, आता नाताळ आल्यासारखा वाटतो ना?" मला वाटला नाही. मी तसं म्हणालो. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. मग तिने माझे डोळे मिटायला लावले आणि नाकाखाली एकेक वस्तू धरली. मी सगळ्यांना पुठ्ठा म्हणालो. त्यात कॉफी होती, डांबराचा साबण होता, बुटांचं पॉलिश होतं, आणि शेवटी स्वालाची शाल होती. ती मी दोन वर्षं कपाटात न धुता ठेवली आहे, तुला माहीत आहे कशासाठी. उना म्हणते, ऑक्टोबरातल्या सर्दीनेच नेलं असणार. परत येईल की नाही, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही म्हणे.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. वरची पाच पानं फाडणार होतो, पण तू नेहमी म्हणतेस की मी कधी चूक कबूल करत नाही, म्हणून तशीच पाठवतो. वास गेलाय एवढं खरं, तेव्हा कुणीतरी कुलूप लावायला हवंच. ते मी लावतो. माडीवरची खोली रिकामी आहे ना? सूर्य डोंगरावर परत येतो त्या दिवसाच्या आत पोहोचेन, म्हणजे त्याच्या स्वागताच्या तुझ्या पॅनकेकना हजर असेन. मात्र मी विचारलं असं उनाला कळू देऊ नकोस. उलट टपाली लिही की गोठ्याचा पत्रा ठोकायला तुला माणूस हवाय. आणि मी आलो की एक कर. बादलीचं झाकण काढलंस की मला शेजारी बसव आणि कसा वास येतोय ते सावकाश, सगळं सांग. शाल मी बरोबर आणतो आहे. तिचाही सांग.