हेल्मेटमधल्या चिठ्ठ्या

३ मार्च, रविवार
टेलरच्या दुकानात बँडची प्रॅक्टिस. बेस गिटार तोच वाजवतो. कापडाच्या टेबलावर ड्रमरचं हेल्मेट उलटं ठेवलेलं. आमची पद्धत अशी, की चौघांनी चिठ्ठ्यांवर ओळी लिहून त्यात टाकायच्या, आवडतील त्या घ्यायच्या. ओळ कुणाची, ते सांगायचं नाही. गाणं चौघांचं.
तरी बँडचा गाडा मीच ओढतो, हे उघड आहे. आजपासून माझ्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात बारीक टिंब. पुरावा असलेला बरा.

१० मार्च
नवं गाणं झालं! एकाने ओळ वाचावी, दुसऱ्याने चाल धरावी, तिसऱ्याने ती पळवावी. चार तास कुठे गेले कळलं नाही. एक ओळ तर लाखात एक : 'तू दार उघडतेस आणि दिवस आत येतो.'
टिंबं तपासली. घेतलेल्या ओळी बारा, टिंबं शून्य. पेन फिकट आहे. बदलणे.
घरी ती ओळ म्हणून दाखवली. बायकोने विचारलं, माझ्यावर लिहिलीत? तिचे डोळे भरलेले. नाही कसं म्हणणार? शिवाय चाल बसवताना गिटार माझीच होती.

१७ मार्च
नको म्हणत असताना बायको प्रॅक्टिसला आली. टेलरला म्हणाली, भाऊजी, यांनी माझ्यावर लिहिलेली ती दाराची ओळ वाजवा ना. टेलर हातातल्या मापाच्या टेपकडे बघत राहिला. मग म्हणाला, हो वहिनी, यांचीच आहे ती.
टेलरच्या बायकोला जाऊन दोन वर्षं झाली. दुकानाचं दार रोज तीच उघडायची. हे मला माहीत होतं. दहा तारखेलाही माहीत होतं.
मान वर करवेना. तीनदा कॉर्ड चुकलो.

२० मार्च
टेलरला खरं सांगायचंच, म्हणून दुकानात गेलो. गिऱ्हाईक होतं. पँट अल्टर करायला देऊन परत आलो. पँट नीटच बसत होती.

२४ मार्च
आज एकच चिठ्ठी टाकली. टिंब नाही. 'मी तुझी सकाळ चोरली, तू म्हणालास, असू दे.'
ती नेमकी टेलरच्या हाताला लागली. त्याने मनात वाचली, मग मोठ्याने. म्हणाला, हीच पहिली ओळ. सगळे हो म्हणाले. वर्षभरात माझी पहिली.
जेवताना बायकोला म्हणून दाखवली. ती म्हणाली, छान आहे, पण तुमची नसणार. तुम्ही कुणाचं काय चोरणार!
ओळ कुणाची ते सांगायचं नाही, असा नियम आहे. म्हणून गप्प बसलो.