बाबांच्या मेंदूचा रिपोर्ट

देवास,
१६ नोव्हेंबर

प्रिय दीपेश,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे, घरच्या नाही. का, ते पुढे कळेल. हिंदी शाळेत शिकल्यामुळे तुला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. अडलं तर दोनदा वाच, पण दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. गेले पंधरा महिने तू माझा फोन उचलत नाहीस. उचलला असतास तरी हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

माझं बरं चाललंय. गुडघ्यांमुळे नवरात्रात देवीच्या टेकरीवर चढता आलं नाही, खालूनच हात जोडले. रुचीचा दर रविवारी फोन येतो. तुला माहीत नसेल तर तिच्यावर रागावू नकोस. अनन्याशी पाचेक मिनिटं बोलायला मिळतं. मी मराठीत बोलले की ती म्हणते, 'दादी, हिंदी में बोलो ना.' परवा तिनं मला सतराचा पाढा म्हणून दाखवला, कुठेही न अडखळता. सात वर्षांची पोर! तुला हाच पाढा बाबांनी सायकलच्या दांड्यावर बसवून शिकवला होता, शाळेपासून घरापर्यंतच्या रस्त्यात.

आपण सगळे मांडूला गेलो होतो ते आठवतं का? तू आठवीत होतास. बाकीची मंडळी फोटो काढत होती आणि बाबांनी हिंडोळा महालाच्या तिरप्या भिंतीपाशी तुला कंपासपेटीतला कोनमापक घेऊन उभं केलं. तू सत्त्याहत्तर म्हणालास, ते म्हणाले, पुन्हा मोज. तीनदा मोजलंस. चौथ्यांदा रडायला लागलास, तेव्हा त्यांनी तुला उचलून खांद्यावर घेतलं, एवढ्या मोठ्या घोड्याला, आणि म्हणाले, चल, तुझं उत्तर बरोबर, भिंतच चुकली. तीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं. एकाही पोरावर हात उचलला नाही. गाईसारखे गरीब म्हणून शाळेत त्यांना 'गऊ मास्तर' म्हणत, तोंडावरसुद्धा म्हणत, आणि ते हसत.

म्हणूनच ती थप्पड तुला इतकी लागली. मलाही लागली, दीपू. तुझ्या साखरपुड्यात सत्तर माणसांसमोर त्यांनी ओटीच्या ताटातले पेढे दोन्ही हातांनी तोंडात कोंबले, रुचीच्या आईला तिच्या अंगलटीवरून नको ते बोलले, आणि तू हाताला धरून बाजूला न्यायला गेलास तर तुझ्या कानाखाली वाजवली. नंतर खुर्चीवर बसून ताटातलं श्रीखंड संपवलं. मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शरमही नव्हती. काहीच नव्हतं. ते मी पाहिलं होतं आणि तुला कधी सांगितलं नाही. मला वाटलं, हा माणूस आतून असाच होता, इतकी वर्षं मलाच कळला नाही.

दोन वर्षांनी रुचीचं पहिलं बाळ पोटातच गेलं. तू बडोद्याहून फोन केलास. रडत होतास. मी फोन त्यांच्या हातात दिला, म्हटलं बाप आहे, दोन शब्द बोलेल. त्यांनी ऐकून घेतलं आणि तुलाच विचारलं, आज जेवायला काय आहे? फोन माझ्याकडे परत आला तेव्हा तू ठेवून दिला होतास. त्या दिवसानंतर तू त्यांच्याशी बोलला नाहीस. मी तुला दोष देत नाही. मी स्वतः त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. ताट वाढायचे आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे. एकदा त्यांनी शेजारच्यांच्या दारातली चप्पल चौथ्यांदा उचलून आणली तेव्हा मी त्यांच्या तोंडावर म्हटलं, मरा एकदाचे. त्यांनी चप्पल जागेवर ठेवली आणि विचारलं, चहा झाला का?

चार वर्षं मी असं काढलं. डॉक्टरकडे न्यायला हवं, हे मला सुचलं नाही. माणूस वाईट झाला म्हणून कुणी डॉक्टरकडे नेतं का? शाळेनं सांगितलं की सर वर्गात बसून नुसती गाणी गुणगुणतात, पेपर न तपासताच सगळ्यांना शंभर देतात, तेव्हा कुठे नेलं. पहिल्या डॉक्टरांनी डिप्रेशन म्हटलं, दुसऱ्यांनी वय. मग इंदूरला डॉक्टर अपेक्षा भेटली. आपल्याच धार जिल्ह्यातली, मनावर गावची मुलगी, माझ्याशी माळवीत बोलायची. मेंदूच्या अशाच बिमाऱ्यांवर तिच्या दवाखान्यात संशोधन चालतं. तिनं नाव सांगितलं, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. मी तुला फोन करून सांगितलं तेव्हा तू काय म्हणालास ते माझ्या लक्षात आहे: बिमारी अठरा सालची आहे आई, थप्पड चौदा सालची. तेव्हा ते ठणठणीत होते.

दर सहा महिन्यांनी मी त्यांना इंदूरला न्यायची. बसमध्ये खिडकीशी बसवून हातात शेवेची पुडी दिली की ते शांत राहत. तिथे त्यांना चित्रं दाखवायचे, रडणाऱ्या माणसाचं, घाबरलेल्या माणसाचं, आणि विचारायचे, याला काय वाटतंय? ते म्हणायचे, माणूस आहे. बस. रडणारा माणूस, हसणारा माणूस, त्यांना सगळे सारखेच. मी काचेच्या पलीकडून बघायची आणि मला तुझा तो फोन आठवायचा. मग हळूहळू शब्दच गेले. आधी हिंदी गेली, मग मराठी. शेवटची दोन वर्षं ते फक्त आकडे बोलत, तेही चुकीच्या क्रमानं.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये न्युमोनियानं ते गेले, इंदूरच्या दवाखान्यात. तू निघाला होतास, वाटेत होतास. डॉक्टर अपेक्षानं मला आठवण करून दिली की मेंदू द्यायचा असेल तर काही तासांतच द्यावा लागतो. पहिल्या वर्षीच त्याचे कागद झाले होते. मी तुझी वाट न बघता सही केली. बापूसाहेबांना फोनवर कळलं तेव्हा ते ओरडले, सख्खा भाऊ आहे तो माझा, धारच्या स्मशानात अर्धा माणूस आणणार का? तू आलास आणि बाबांच्या कपाळावरची पट्टी बघितलीस. म्हणालास, जिवंतपणी ते आपले राहिले नव्हते, मेल्यावर तरी पुरे ठेवायचे होतेस. अग्नी दिलास आणि दुसऱ्या दिवशी बडोद्याला गेलास. अस्थी मी आणि अक्का आत्यानं नर्मदेकाठी नेमावरला नेल्या. तुझ्या बापानं आयुष्यात कुणाला धक्का दिला नाही आणि त्याच्या अस्थी सोडायला दोन म्हाताऱ्या, नावेत एकमेकींना धरून.

मार्चमध्ये डॉक्टर अपेक्षानं मला बोलावलं. मेंदूचा रिपोर्ट आला होता. पुढचा आणि कानाजवळचा भाग सुकून गेला होता. दुसऱ्याचं दुःख कळणं, लाज वाटणं, हात आवरणं, हे सगळं तिथूनच होतं म्हणे. मी तुझाच प्रश्न तिला विचारला, हे कधी सुरू झालं? ती म्हणाली, नक्की सांगता येत नाही, जुना एखादा स्कॅन आहे का? मला आठवलं, चौदा सालच्या जानेवारीत ते स्कूटरवरून पडले होते आणि डोक्याचा सिटी स्कॅन झाला होता. कपाटाच्या वर, जुन्या पंचांगांखाली ती फिल्म सापडली. मी ती साडीत गुंडाळून इंदूरला नेली. अपेक्षानं ती उजेडाच्या पाटीवर लावली. मग पेनाचं टोक ठेवून मला दाखवलं: काकी, इथे बघा, मेंदू सुकून इथे आधीच जागा पडली आहे.

तुझा साखरपुडा एप्रिलमध्ये झाला, दीपू. फिल्म जानेवारीची आहे.

ती थप्पड मारणारा माणूस तुझा बाप नव्हता, असं मी म्हणणार नाही. हात त्यांचाच होता. पण तो हात आवरणारा जो कुणी आत होता, मांडूला तुला खांद्यावर घेणारा, तो तेव्हा निघून जायला लागला होता. त्यांनी ते मुद्दाम केलं नाही, तुझ्या बाळाबद्दलही नाही. तुझं रडणं त्यांच्या कानांपर्यंत गेलं, पुढे जायला वाट उरली नव्हती. अकरा वर्षं तू त्यांच्यावर रागावलास आणि मीही. तो राग आता कुठे ठेवायचा, मला कळत नाही. मी त्यांना 'मरा' म्हटलं होतं. ते मी कुणापाशी मागे घेऊ?

हे मी तुला मार्चमध्येच लिहायला हवं होतं. चारदा सुरुवात केली. लिहिलं नाही, कारण त्या दिवशी डॉक्टर अपेक्षानं आणखी एक विचारलं होतं, घरात आधी कुणाला असं झालं होतं का? मी नाही म्हटलं. परतताना बसमध्ये मला नेमावरच्या नावेतलं आठवलं. अक्का आत्या अस्थी सोडताना रडत रडत बोलून गेली होती, दादाही असेच गेले गं. तुझे आजोबा. घरात सांगायचे की ते विरक्त झाले, कुणी म्हणायचं करणी केली. खरं म्हणजे शेवटची सहा वर्षं त्यांना धारच्या घरी मागच्या खोलीत कडी लावून ठेवलं होतं. त्यांची एक बहीणही तशीच गेली. बापूसाहेबांना हे सगळं माहीत होतं. मेंदू दिला म्हणून ते का ओरडले, ते मला तेव्हा उमगलं. ते भावासाठी ओरडत नव्हते, आपल्या मुलांसाठी घाबरले होते. मी अपेक्षाला हे सगळं सांगितलं. तिनं बाबांच्या आधीच घेऊन ठेवलेल्या रक्तातून जीनची तपासणी करून घेतली.

तो रिपोर्ट जुलैत आला. त्यांचा आजार रक्तातून आलेला होता. अशा माणसाच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता अर्धी असते. आला असेल तर पन्नाशीच्या आसपास सुरू होतो. त्यावर आज औषध नाही. चाचण्या चालू आहेत, बिमारी दिसायच्या आधीच औषध देऊन बघताहेत, पण अजून कुणाला हाती काही लागलेलं नाही, हे तिनं मला स्पष्ट सांगितलं. मी चार महिने तो कागद गव्हाच्या कोठीत ठेवला. तू अडतीस वर्षांचा आहेस. मी मनाशी म्हणत होते, दहा-बारा वर्षं तरी पोराला सुखानं जगू दे. कधी तर असंही वाटलं की फिल्म जाळून टाकावी. बाप वाईट होता असं तू मानत राहिलास तर निदान तुझ्या रक्तात काही नाही असंही मानशील. तुला तुझा बाप परत द्यायचा तर त्याच कागदावर हेही द्यावं लागतं. एक ठेवून दुसरं देता येत नाही, मी खूप बघितलं.

पण गेल्या रविवारी रुची लाजत लाजत म्हणाली, मम्मीजी, हम दूसरे बच्चे का सोच रहे हैं. म्हणून आज लिहायला बसले. तुझी तपासणी करायची की नाही, हे तूच ठरव. अपेक्षा म्हणते, न जाणून घेण्याचाही हक्क असतो, आणि ज्यांना जाणायचं आहे त्यांना ती आधी दोन-तीनदा बोलावून नीट समजावते, घाई करत नाही. मूल होण्याआधी कळलं तर काही उपायही आहेत म्हणाली. ते मला नीट कळले नाहीत, ते तू तिच्याकडून ऐक. रुचीला काय आणि कधी सांगायचं तेही तुझ्याच हाती राहावं म्हणून पत्र ऑफिसला पाठवलं, पण तिच्यापासून लपवू नकोस. मी लपवण्यात वाढलेल्या घरात सून म्हणून आले, त्याचं काय होतं ते पाहिलं आहे. आणि एक गोष्ट फक्त मला आणि अपेक्षाला माहीत आहे. पहिल्या वर्षी मेंदू देण्याच्या कागदांवर सही करताना बाबांना अजून थोडं बोलता येत होतं. अपेक्षा समजावत होती, ते खिडकीबाहेर बघत होते. मध्येच त्यांनी विचारलं, पोराला होईल? ती म्हणाली, सांगता येत नाही सर, तेच शोधायचं आहे. ते म्हणाले, मग घ्या, आणि सही केली. जेवायला काय आहे हे ज्या आवाजात विचारायचे, अगदी त्याच आवाजात. ती माया होती की गणिताच्या मास्तराची सवय, मी सांगू शकत नाही. पण तुझ्याबद्दल त्यांनी विचारलेला तो शेवटचा प्रश्न होता, आणि त्याच्यासाठी त्यांनी जे उरलं होतं ते देऊन टाकलं.

तुझ्या फोनची नाही, तुझीच वाट बघणारी,
आई