फितीची शाई

राजापेठ, अमरावती
ता. ३ जुलै १९६२

चि. हरिहरास ताईचे आशीर्वाद.

वि. वि. सिंधूचे नाव शाळेतून काढून तिला अकोल्यास परत पाठवावे, असे तू कळवलेस, म्हणून हे लिहावे लागत आहे. एरवी मी तुझ्या घरच्या गोष्टींत पडत नाही.

तुझी मुलगी ढ नाही. इतिहासाचा धडा एकदा ऐकला की जसाच्या तसा सांगते. लेखणी धरली की मात्र अक्षरे उलटी पडतात, ओळ वर चढते आणि लिहिलेले तिचे तिलाही वाचता येत नाही. तिकडच्या मास्तरांनी त्यावर छडीचा उपाय केला. त्याने हात तेवढा कापायला लागला. तीस वर्षे मुली शिकवल्या. आळस कोणता आणि अडचण कोणती, हे मला कळते.

टायपिंग क्लासच्या देवरावांकडून मी जुना मराठी टाईपरायटर आणला आहे. कळ दाबली की अक्षर सरळ उमटते. तिने ते फक्त निवडायचे. पहिल्यांदा बोटे अडकली, आता अडकत नाहीत. कामाच्या गोदाबाईंनी तिला विचारले, की काहून ठोकून राहिली वं सकाळपासून. तर म्हणाली, की बाबाले पत्र लिहाचं हाय, हात बसवून राहिली. तुझी मुलगी पक्की वऱ्हाडी झाली आहे, हे मात्र कबूल.

शाळेच्या बाई तयार आहेत. वडिलांची लेखी परवानगी आली तर सहामाहीचे पेपर ती यंत्रावर लिहील. दोन ओळी पाठव. तू वकील आहेस. साक्ष न घेता निकाल देऊ नकोस. एकदा ये आणि तिच्या शेजारी बस.

सौ. कुंदास आशीर्वाद. माझ्यावर लोभ करतोस, त्यातला थोडा मुलीकडे वळव.

तारा

अमरावती
ता. १९ ऑगस्ट १९६२

ती. बाबांना सिंधूचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र मी एकटीने टाईप केले. आत्या ओसरीवर मटकी निवडत होती. तान्ह्या पोळ्याला इथल्या सगळ्या मुली आपापले बैल काढणार आहेत. माझा लाकडी बैल पाठवा. त्याचे एक चाक निघाले होते, ते गव्हाच्या कोठीमागे पडले आहे. मी कोणाला सांगितले नव्हते.

बाबा, शाळेत माझी वही कोरी असते तेव्हा मला सगळे येत असते. परवानगी द्या.

आईला नमस्कार. तुम्ही मला लवकर लिहा.

सिंधू

अकोला
ता. २५ ऑगस्ट १९६२

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझी नोटीस पावली. टाईप केलेल्या कागदाला टाईप केलेले उत्तर द्यायचे, हा आमच्या ऑफिसचा रिवाज. म्हणून हे माझे कारकून मोरोपंत यांच्याकडून करवले आहे.

मुलगी बापाला लिहिते ते हाताने. वेडेवाकडे असते तरी मी डोळ्यांना लावले असते. ही वाक्ये तुझी आहेत. शाळेत माझे निबंध तूच लिहून देत होतीस. तुझी धाटणी मी कुठेही ओळखीन. बैलाचे चाक घालून पुरावा पक्का करण्याची हुशारीही तुझीच.

उद्या यंत्राच्या आडून परीक्षेला आत्याच बसेल. असल्या कागदावर मी सही करणार नाही. मुलीला लिहिता येत नाही, हे बाररूममध्ये सर्वांना कळले आहेच. यंत्राची शोभा आणखी नको. पोळ्यानंतर कुंदा येऊन तिला नेईल. घरचे काम शिकेल.

राग मानू नये, माया आहे तशी राहू द्यावी.

हरिहर

अमरावती
ता. ३ सप्टेंबर १९६२

चि. हरिहरास आशीर्वाद.

तुझे पाकीट पोस्टमनने सिंधूच्या हाती दिले. टाईप केलेला पत्ता पाहून तिला वाटले, बाबांनीही यंत्र घेतले. तिने ते फोडून, अक्षरांवर बोट ठेवून, शेवटपर्यंत वाचले. मी बाजारातून आले तेव्हा टाईपरायटरवर झाकण होते. ते तिने नंतर एकदाच काढले. ते पुढे सांगते.

कुंदा काल आली. तान्हा पोळा होऊन गेल्यावर लाकडी बैल घेऊन आली, चाकासकट. चाक कोठीमागेच सापडले. मी म्हणाले, की हे नवऱ्याला सांग. ती म्हणाली, की वन्सं, सांगितले. ते म्हणाले, की पोरीने तुम्हाला तोंडी सांगितले असेल, पुढे बोलू नकोस. हरिहर, जिंकलास तू.

आज निघताना शाळेच्या सवयीने मी पोच लिहिली आणि दोघींना सही करायला सांगितले. सिंधूने लेखणी घेतली नाही. झाकण उघडून तिने यंत्राच्या फितीवर अंगठा दाबला आणि कागदावर उमटवला. तुझ्याकडे रोज अंगठे येतात. हा तिचा की माझा, तेवढे मोरोपंतांकडून तपासून घे.

कळावे. लोभाचे आज लिहीत नाही.

तारा

पोच

सौ. कुंदा हिच्या हवाली केले: मुलगी सिंधू, इयत्ता पाचवी. पत्र्याची पेटी, कपड्यांसह. लाकडी बैल, चाक बसवलेला.
टाईपरायटर देऊ केला. घरात चालणार नाही, असे सांगून नेला नाही.
वरीलप्रमाणे मिळाले.

सही: सौ. कुंदा
अंगठा: सिंधू