डॉलीचे कोरडे अंगण

५ जून १९८३, रविवार
नवी वही. रोज लिहायचे. खाडाखोड नाही. ऱ्हस्व-दीर्घ तपासल्याशिवाय पान उलटायचे नाही. दहावी राहिली, अक्षर राहिलेले नाही.
आजपासून धंदा. नाव : घनश्याम लॉन सर्व्हिस. नागपूरच्या प्रदर्शनात एका स्टॉलवर अंथरलेला प्लॅस्टिकच्या गवताचा गालिचा मिळाला. अठरा फूट बाय बारा. एका कोपऱ्यावर चहा सांडलेला आहे. जिल्ह्यात असा माल कोणाकडे नाही.
बाबांचे लाखनीजवळ सहा एकर धान. ते म्हणाले, निंदता निंदता माही कंबर गेली, आन् हा पोट्टा इकत गवत घेऊन आला. शेवटी तडजोड झाली. रोवणीपर्यंत, म्हणजे धानाची रोपे लावायला घेईपर्यंत, एक काम करून दाखवले तर हायवेवरची खोली दुकानासाठी माझी. नाही तर रोवणीला धानाच्या बांधीत, चिखलात उतरायचे आणि धंद्याचे नाव पुन्हा काढायचे नाही.
मुदत भरपूर आहे.

८ जून, चिखला
जनाबाई आत्याकडे उतरलो. आत्याचे घर खाणीच्या कॉलनीत. समोरच्या बंगल्यात सुशीलाबाई राहतात. खाणीच्या साहेबांची बायको म्हणून सगळे त्यांना बाईसाहेब म्हणतात. त्यांची कुत्री डॉली, पांढरी पॉमेरियन. पावसाळ्यात अंगणात पाणी साचते. माती काळी. डॉली पांढरी जाते, काळी येते आणि सोफ्यावर बसते.
गालिचा उलगडून दाखवला. डॉली त्यावर लोळली. ऑर्डर पक्की. बाईसाहेबांची एकच अट, पाणी थांबायला नको. म्हटले, थेंब राहणार नाही. लेखी देऊ का? नको म्हणाल्या. तरी दिले.

१० जून, सकाळी ६
अंगण फार उंचसखल. लेव्हलिंग हाच पाया. मला खात्रीची एकच पद्धत येते, लहानपणापासून पाहिलेली. पाणी भरले. माती तुडवून तुडवून लोण्यासारखी केली. वरून फळी फिरवली.
आत्या कुंपणाशी येऊन म्हणाली, घनश्याम, काय पेरून राहिला बापू? म्हटले, हे लेव्हलिंग आहे. म्हणाली, तुह्या बापाच्या घरी रोवनीच्या आधी याले चिखलणी म्हनतेत.
आत्याला टेक्निकल बाजू समजत नाही.

१२ जून
बाहेरचे पाणी आत येऊ नये म्हणून चारी बाजूंनी वीतभर उंच मातीचा धुरा घातला. चोपून गुळगुळीत केला. कोपऱ्यात पाणी जायला एक तोंड होते. त्यातून उंदीर आला तर डॉली घाबरेल, म्हणून बुजवले. असा विचार दुसरा कोणी केला नसता.
टेस्टिंग : लोटाभर पाणी ओतले. संध्याकाळी पाहिले, जवळजवळ लोटाभरच होते. जमीन पक्की झाली.

१४ जून
गालिच्याला खालून रबर आहे. पोती शिवायच्या दाभणाने भोके पाडली. चार-चार इंचांवर, सरळ रेषेत. एक हजार नऊशे चव्वेचाळीस. दोनदा मोजली. बोटाला पट्टी.
खाली मऊ लागावे म्हणून आत्याच्या गोठ्यातले तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरले. आत्याने विचारले, झटकलं काय? दाने असतेत त्याच्यात. वेळ नव्हता.

१७ जून
बसवला. डॉली तीन फेऱ्या धावली. पाय पांढरे. बाईसाहेबांनी बशीत बिस्किटे दिली.
बाबांना पोस्टकार्ड : काम यशस्वी, सवडीने पाहायला यावे. लाखनीच्या पेंटरलाही बोर्डासाठी लिहिले. 'सर्व्हिस' कसे लिहायचे ते वेगळ्या ओळीत समजावले.

२४ जून, दुपारी ३
तीन दिवस पाऊस. पाणी भोकांतून व्यवस्थित खाली गेले. मग व्यवस्थित वर आले. म्हणजे भोके दोन्ही बाजूंनी काम करतात.
गालिचा मध्यभागी तरंगतो आहे. डॉली पायरीवर बसून पाहते. बाईसाहेब म्हणाल्या, थेंब राहणार नाही म्हणाला होतास ना? म्हटले, नव्या मालाची जमिनीला सवय व्हावी लागते. त्यांनी माझा कागद आणून दाखवला. लेखी द्यायला नको होते.

२६ जून
संकल्प : रोज सकाळ-संध्याकाळ लोट्याने उपसणे. आज चारशे दहा लोटे.
आत्या म्हणाली, एका जागी धुरा फोड न बापू, कायले मरून राहिला? फोडला तर लेव्हल बिघडेल. हे तिला कसे सांगावे?

२९ जून
रात्री पाऊस. चारशे दहा लोटे परत आले. सोबत दोन बेडूक.

३ जुलै
चांगली बातमी. गवत उंच झाले आहे. बाईसाहेबांनीच दाखवले. ओले होऊन माल फुलत असावा. ओळी सरळ, बरोबर चार-चार इंचांवर. क्वालिटी लपत नाही.

७ जुलै
गवत वीतभर. डॉलीने खाल्ले, मग सोफ्यावर ओकली. थोडी काळजी वाटते. प्लॅस्टिक किती वाढू शकते, असे स्टॉलवाल्याला पत्र लिहून विचारले. पत्ता मात्र नाही.

१० जुलै, रविवार
बाबा आले. चपला काढल्या, धोतर खोचले आणि अंगणात उतरले. टाच रुतवून पाहिली. धुऱ्यावरून हात फिरवला. गालिच्यातून एक हिरवे पाते ओढून काढले. त्याला मूळ होते.
बाईसाहेब दारात उभ्या, डॉली काखेत. बाबा त्यांना म्हणाले, बाईसाहेब, इतकी पक्की बांधी माह्या सहा एकरात नाही. पानी हालून नाही राहिलं. आन् पऱ्हे पाहा, सुताने आखल्यावानी. आमच्या तिकडे असे कोनी घेत नाही.
पऱ्हे म्हणजे काय, बाईसाहेबांनी विचारले.
धानाचे रोप, बाबा म्हणाले.
मग बाबांनी आत्याकडून कुदळ आणून कोपऱ्यातले तोंड फोडले, बाहेरपर्यंत नाली काढली. अर्ध्या तासात पाणी गेले. बाईसाहेबांनी गालिचा घेऊन जायला सांगितले आणि चहा आणला. शेजारच्या दोन बंगल्यांतही पाणी साचते, नाली काढून द्याल का, असे विचारले. बाबांना.
बाबा म्हणाले, रोवनी झाल्यावर पाहू.
परतताना एस.टी.त लाखनीपर्यंत ते एकदाच बोलले. काम तं चांगलंच केलं तुनं. पन माह्यं केलं.

१७ जुलै
रोवणी. सकाळपासून बांधीत. खोलीचा विषय मी काढला नाही. बोर्ड तयार आहे, 'सर्व्हिस' बरोबर लिहिले आहे. बाबांनी तो गोठ्याच्या दाराला लावला, पाऊस आत येतो म्हणून.
दुपारी बाबांनी गालिचा धुऱ्यावर अंथरला आणि त्यावर बसून जेवले. बसाले बरा आहे, म्हणाले. तेवढ्यात सर आली. पाऊस उघडल्यावर मी घड्याळ लावून पाहिले. धुऱ्याच्या उतारावर सगळे पाणी चार मिनिटांत निघून गेले. थेंब राहिला नाही.
मालात दोष नव्हता. हे बाईसाहेबांना कळवायला हवे. लेखी.
उद्या खालची बांधी.