परत आलेली पोती

नाना, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी आता तुमचंच काम करते, फक्त शिरपूरच्या कारखान्यात आणि कॉम्प्युटरसमोर बसून. पशुखाद्यासाठी मका, सरकीची पेंड घेऊन ट्रक आला की नमुना मशीन तपासतं आणि स्क्रीनवर तो माल हिरवा नाहीतर लाल होतो. दोंडाईच्याच्या तुमच्या कारखान्यात यातलं काही नव्हतं. तुम्ही दारात उभे राहून पेंडीचा तुकडा मोडायचात, हुंगायचात, जरासा दाताखाली धरायचात आणि हमालांकडे बघून मान हलवायचात.

मी सातवीत होते तेव्हा, सर्दीने नाक चोंदलेलं असताना तुम्ही एक ट्रक पास केलात आणि आतली पेंड बुरशीची निघाली. आठवड्याभरात गावोगावच्या म्हशी खाण्यावरून तोंड फिरवू लागल्या. पोत्यांवर नंबर नव्हते, कोणतं पोतं कुठे गेलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मालक म्हणाले, गप्प राहा, निभून जाईल. तुम्ही आठ दिवसांची रजा टाकलीत आणि सायकल काढलीत. रविवारी मलाही मागे बसवलंत. एका ओट्यासमोर तुम्ही उभे आहात, टोपी हातात, आणि घरातल्या बाईंना आपल्या बोलीत सांगताय, "अक्का, ती पेंड म्हैसले देऊ नका. खराब शे. चूक मनी शे."

"तुमनी कशी, भाऊ? कारखानानी ना?"

"पास मीच करेल शे."

त्यांनी आपल्याला चहा दिला. परतताना मी सायकलवर तुमच्याकडे पाठ करून बसले. माझा बाप लोकांच्या दारात असा वाकतो, याची मला लाज वाटली होती.

गेल्या महिन्यात माझ्याकडेही तसंच झालं. मक्याचा एक लॉट हिरवा होऊन गेला, त्याचं खाद्य बाहेर पडलं आणि माल उतरवल्यावर घेऊन राखून ठेवलेल्या दुसऱ्या नमुन्यात बुरशीचं विष सापडलं. मी लॉटचा नंबर टाकला. कोणतं पोतं कोणत्या गोठ्यात, सगळी यादी पाच मिनिटांत समोर आली. तुमची सायकल आठवली आणि मला खुर्चीत बसवेना. संध्याकाळपर्यंत फोन करून पोती वापरायची थांबवली, परत मागवली. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा फोन तेवढा लागेना, तिथे ड्रायव्हरला पाठवलं. पोतं उघडण्याआधी तो पोचला. एकही जनावर आजारी पडलं नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

ड्रायव्हर सांगत होता, त्या घरच्या आजोबांनी विचारलं, चूक कोणाची? तो म्हणाला, कॉम्प्युटरची. मी ऐकून हसले. पण नाना, पहिला नमुना मी घेतला होता. आभाळ भरून आलं होतं, ट्रक खाली करायची घाई होती, म्हणून वरच्याच पोत्यांतला मका काढला. पोती परत मागवल्याच्या नोंदीत कारणाच्या रकान्यात 'नमुन्यातील त्रुटी' हा पर्याय होता, तो निवडला. नमुना घेणाऱ्याच्या जागी शिफ्टचा नंबर येतो, माणसाचं नाव येत नाही. मला अजून कोणी विचारलेलं नाही आणि मीही सांगितलेलं नाही.